मुदतीनंतर आलेल्या केराबाई

केराबाई खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. औरंगपुऱ्यातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात त्या दाराशी, भिंतीला पाठ लावून बसायच्या. जिन्यावर पाऊल वाजलं की पदर तोंडाशी जायचा. "पोलीस तर नाय ना, ताई?"

फर्दापूरकडच्या मेंढपाळ घरातल्या या बाई. त्यांच्या मुलावर, भिवावर, दुसऱ्याची मेंढरं चोरल्याचा आळ आला. कोर्टाच्या आवारात कुणीतरी त्याला सांगितलं, गुन्हा कबूल कर, दंडावर सुटशील. भिवा न्यायाधीशांपुढे "व्हय" म्हणाला आणि थेट हर्सूलच्या तुरुंगात गेला.

केराबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्या निकालाला आव्हान देण्याची मुदत उलटली होती. मी तसं सांगताच त्या म्हणाल्या, "पोरगं आत हाय, अन् कायद्याचं दारबी लागलं म्हणा की."

उशीर माफ करा, असा अर्ज करता येत होता. पण कबुली रद्द झाली तर खटला पुन्हा पहिल्यापासून चालणार, शिक्षा वाढण्याची भीतीही होती. तुरुंगातल्या भेटीत भिवाच नको म्हणाला. "थोडं दिस राहिलेत, आये. निघतील."

"मलाबी लई भ्या वाटतं, लेकरा," जाळी बोटांनी घट्ट धरून केराबाई म्हणाल्या. "पण चोर म्हणून भाईर आलास, तर आपली मेंढरं कोण रानात बसू देईल?"

भिवा तयार झाला आणि मी अर्ज केला. सुनावणीत न्यायाधीशांनी विचारलं, इतका उशीर का? मी बोलायच्या आतच केराबाई मागून उठल्या.

"भ्याले, सायेब. गावातले म्हणले, कोर्टात गेलीस तर धाकल्या पोरालाबी आत घालतील. म्हणून घरात दडून ऱ्हायले."

उशीर माफ झाला. आरोप नीट समजावून न देताच भिवाची कबुली घेतली होती, हेही पुढे मान्य झालं आणि तो जामिनावर सुटला. खटला नव्यानं चालला. दर तारखेला केराबाईंना सकाळपासून ओकाऱ्या व्हायच्या, तरी त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. फिर्यादीला आपली मेंढरं ओळखता आली नाहीत. भिवा निर्दोष सुटला.

पुढं एकदा अजिंठ्याच्या रस्त्यावर मायलेक कळपासह भेटले. मी विचारलं, "आता भीती गेली ना, मावशी?"

लांबून एक जीप येत होती. ती निघून जाईपर्यंत त्यांनी भिवाची बाही सोडली नाही.

"नाय गेली," त्या म्हणाल्या. "पण आता आडरानानं जात नाय आमी. सडकंनं जातो."