तोंडात खिळे

कतारला, दोहातल्या आमच्या चित्रांच्या गॅलरीत नसरुद्दीन फ्रेमा करायचा. दापोलीकडचा, पन्नाशी उलटलेला. बारीक खिळे ओठांत धरून ठोकायची त्याची सवय. त्यामुळे ऑफिसातून मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं."

वर्ल्ड कप वर्षावर आला होता. सगळे रस्ते उकरलेले, आणि आमच्या डायरेक्टरांना पाहुण्यांसाठी सारखं नवं प्रदर्शन हवं. अशात पोलंडचे दोन चित्रकार आले. कलेच्या दुनियेतल्या बड्या धेंडांची अर्कचित्रं घेऊन. एका समीक्षकाचं नाक त्याच्या आधी दारातून आत शिरलेलं, लिलाववाल्याचा हात मानेपेक्षा लांब. नसरुद्दीन एकेकाला निमूट फ्रेमेत बसवत होता.

त्याच आठवड्यात त्याच्या लेकीचा, अनीसाचा, गावाहून फोन आला. त्याची बायको हुस्ना गेली होती.

मी म्हटलं, "नसरुद्दीनभाई, तिकीट काढते."

"कशाला म्याडम? दफन आजच होणार. उद्या जाऊन काय मातीशी बोलू?"

आणि खिळे पुन्हा तोंडात. डोळ्यांत टिपूस नाही. अनीसा रोज फोन करायची. स्पीकर चालू असायचा, म्हणून ऐकू यायचं. "अब्बा, काहीतरी बोला ना." हा हातोडी न थांबवता म्हणायचा, "हं." मला त्याच्यापेक्षा त्या पोरीची काळजी वाटे. आई गेली, आणि बाप असून नसल्यासारखा.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी थोरल्या चित्रकाराने गंमत म्हणून आम्हा सगळ्यांची अर्कचित्रं काढली. डायरेक्टरांचं पोट कागदाबाहेर गेलं. नसरुद्दीनचं मात्र नुसतं तोंडच होतं, या कानापासून त्या कानापर्यंत, आणि बंद घराच्या दाराला फळ्या ठोकाव्यात तसे त्यावर खिळे. सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या परक्या माणसाला काय ठाऊक!

त्या चित्राची फ्रेमही नसरुद्दीनलाच करायची होती. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि बघत राहिला. हातोडी उचललीच नाही.

"हुस्ना पण हेच सांगायची," खिळ्यांमधूनच तो पुटपुटला. "सुट्टीत घरी पण माझी ठोकाठोक. म्हणायची, आधी खिळे थुका, मग बोला."

त्याने ते तळहातावर थुंकले, सगळे. मग स्वतःहून फोन लावला.

"अनीसा," तो म्हणाला, "तुझी अम्मी गेली गं."