सानगडीच्या एक गाव अलीकडे

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हे घडलं तेव्हा हसू सोडा, मला श्वाससुद्धा धड येत नव्हता.

मी करडीचा. धानवाल्या शेतकऱ्याच्या घरचा. वीस वर्षं हवाई दलात हेलिकॉप्टर चालवलं, निवृत्त झालो आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा पुस्तकं घेऊन बसलो. काहून? तर फौजेत कितीही उडा, बाहेरच्या नोकरीला नागरी लायसन्स वेगळं लागतं! पोरांसारख्या परीक्षा दिल्या, पास झालो आणि नागपूरच्या एका कंपनीत भाड्याच्या हेलिकॉप्टरवर लागलो. सहा महिने कच्ची नोकरी. चीफ पायलट एकदम कडक. पहिल्याच दिवशी म्हणाले, “तिकडे फौजेत चूक झाली की साहेब ओरडायचा. इथे लायसन्स जातं.”

त्या रात्रीपासून माझी झोपच गेली, खरं सांगतो.

आणि पहिलं एकट्याचं काम आलं ते कोणतं? नवरदेव पोचवायचा! तुमसरच्या राईस मिलवाल्यांचा मुलगा निखिल, वधू सानगडीची. तुमसरहून उचलायचा, सानगडीत उतरवायचा. वीस मिनिटांचं काम. मी चीफला छाती फुगवून म्हणालो, “सर, माझाच जिल्हा आहे. सानगडी माझ्या मावशीचं गाव.”

वधूपित्यानं फोनवर खुणा सांगितल्या होत्या. तलाव, तलावाला लागून शाळा, शाळेचं मैदान, मैदानात हेलिकॉप्टरसाठी चुन्याचा मोठा एच, बाजूला लाल-पिवळा मांडव. चुकायला जागाच कुठे?

निघालो. मागे निखिल, बाशिंग बांधून. शेजारी त्याचे बबनमामा, डोळे गच्च मिटून.

“साहेब, हे हालून काहून राहिलं जी?”

“गरम हवा आहे मामा. घाबरू नका.”

“मी नाही घाबरून राहिलो. पोरगा घाबरून राहिला.”

पोरगा मजेत फोटो काढत होता. घाबरलो होतो मी! कारण वरून आपला भंडारा जिल्हा कसा दिसतो माहीत आहे का? तलाव, गाव, धानाच्या बांध्या. पुन्हा तलाव, गाव, बांध्या. आणि लगीनसराईत प्रत्येक गावात लाल-पिवळा मांडव! तेवढ्यात समोर दिसला. तलाव. शाळा. मैदान. मांडव. आणि चुन्याचा पांढराशुभ्र एच!

जीपीएस सांगत होतं, अजून चार किलोमीटर. मी म्हटलं, ऑफिसातल्या कोणी तरी आकडा चुकवला. यंत्राला काय माहीत मावशीचं गाव?

खाली लोक हात हलवत होते. वा, काय स्वागत! मी खाली यायला लागलो तसे सगळे मैदानातून भराभरा बाजूला पळाले. किती शिस्तीचे लोक! एकच गोष्ट खटकली. अग्निशमनचा बंब दिसेना. तो ठेवल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. म्हटलं, सावलीत उभा केला असेल.

उतरलो. धुळीचा असा लोट उठला की मांडवाची एक कनात थेट शाळेच्या कौलांवर. पण चाकं बरोबर एचच्या मधोमध! इंजिन बंद केलं आणि किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

आता खालच्या लोकांची बाजू ऐका. ती मला नंतर कळली. तिथे कबड्डीचा अंतिम सामना होता. सकाळपासूनच्या खेळात मैदानाच्या टोकाच्या दोन्ही रेघा पुसल्या गेल्या होत्या. राहिल्या बाजूच्या दोन आणि मधली एक. झाला की नाही एच? आणि क्रीडा मंडळाचे लोक मांडव घालून साकोलीहून येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची वाट पाहत होते.

“पाहुण्यानं बाशिंग काहून बांधलं बे?” एकानं विचारलं म्हणे.

“मोठे लोक आहेत. बांधतात,” अध्यक्ष म्हणाले आणि हार घेऊन धावले.

निखिलला वाटलं, सासरकडचं कोणी वडीलधारं आलं. त्यानं अध्यक्षांच्या पायावर डोकं ठेवलं! अध्यक्ष गहिवरले. एवढा मोठा माणूस, पण किती नम्र! मग त्यांनी त्याला दोन्ही संघांसमोर नेलं. चड्डी-बनियनवर, घामाघूम झालेली चौदा पोरं रांगेत उभी. निखिलनं एकेकाशी हात मिळवला आणि पांढराफटक पडून मामाला म्हणाला, “मामा, चौदा साळे?”

मामा कुजबुजले, “बाप्पा! कपडे तरी घालाचे होते लेकाईनं!”

आणि मी? मी कडुनिंबाच्या सावलीत खुर्चीवर. हातात चहा. भोवती गावकरी. मी फौजेतला, हे एव्हाना सांगून झालं होतं. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, “साहेब, फौजेत त जेटबी रायते. तुमाले हेच काहून देलं? नंबर कमी पडले का?”

हा प्रश्न वीस वर्षं ऐकतोय हो! मामेभावानंसुद्धा विचारला होता. म्हटलं, “नाही आजोबा, मी स्वतः मागून घेतलं. जेटवाला ढगात जातो, जिथून उडाला तिथेच येऊन उतरतो. त्याला मैलभर धावपट्टी पाहिजे. मी पुरात घराच्या छपरावरून माणसं उचलली. एका बाईनं माझी बाही अशी धरली होती, उतरल्यावरही सोडेना. जेटमध्ये हे कुठे मिळतं?”

आजोबा मान हलवत होते. मला चेव आला. “आणि नोकरी सुटल्यावर जेटवाल्याला मोठ्या विमानाचं सगळं नव्यानं शिकावं लागतं. आपलं यंत्र बाहेरही तेच. दवाखान्याचा पेशंट असो की नवरदेव, जिथे सांगाल, बरोबर तिथेच उतरवतो. एक हात इकडेतिकडे नाही!”

आणि फोन वाजला.

वधूपिता होते. “साहेब... कोणी जित्तं हाय का?”

“म्हणजे?”

“तुमचं हेलिकॉप्टर खाली जाताना दिसलं, मंग झाडामांगून धूळ उडाली, आवाज बंद. पोरीची माय रडून राहिली जी! बंब निंगाला तिकडं!”

मी कप खाली ठेवला. “तुम्ही... तुम्ही सानगडीतून बोलताय ना?”

“मंग कोठून बोलू?”

मी आजोबांकडे पाहिलं. “आजोबा, हे गाव कोणतं?”

त्यांनी सांगितलं. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, गावाची काही चूक नव्हती. सानगडी चार किलोमीटर पुढे होती. यंत्र म्हणालं होतं अगदी तेवढीच!

चीफला फोन लावला. सगळं ऐकून ते ओरडले नाहीत. ओरडले असते तरी बरं वाटलं असतं. मग म्हणाले, “परवानगी नसलेल्या जागेवरून उडायचं नाही. पंखा हलवू नकोस.”

इकडे मुहूर्त टळायला आलेला. निखिल हेलिकॉप्टरला टेकून रडवेला झालेला. तेवढ्यात घंटा वाजवत बंब आला. मागे वरपक्ष, वधूपक्ष, पोलीस आणि खरे प्रमुख पाहुणे!

बंबावरचा माणूस ओरडला, “आग कुठी हाय?”

मामा म्हणाले, “आग गेली चुलीत, पोराले वर घ्या!”

आणि नवरदेव बंबावर बसून निघाला. बाशिंग सांभाळत, घंटा वाजवत, मागे चौदा कबड्डीवाले मोटारसायकलींवर! मुहूर्त साधला. सानगडीत लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. मी काय पाहणार? मी मैदानात हेलिकॉप्टरची राखण करत, लायसन्स राहतं की जातं या विचारानं अर्धमेला होऊन बसलो होतो.

लायसन्स वाचलं. चौकशी झाली, तीन महिने टेबलावर बसवलं, आणखी सहा महिने कच्चाच ठेवला.

पण आता साकोलीकडून फोन आला की ऑफिसात सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. कारण तिकडे लग्नाला हेलिकॉप्टर कोणी मागतच नाही. विचारतात, “साहेब, नवरदेवासाठी तो बंब कोठी भेटते जी?”