न पाहता घेतलेल्या गाडीची डावी काच

मी अन् माही बायको सुमन, आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हंजे तुरीच्या शेंगा सोलल्या. अंगणात खाट टाकून बसलो होतो. ती सोलून राहिली होती अन् मी सोलता सोलता दाणे खाऊन राहिलो होतो, म्हणून मले बोलणे बसून राहिले होते. मंग मी मोबाईल काढून तिले एका गाडीचा फोटो दाखवला. पांढरी ॲम्बेसेडर. जबलपूरले एक दलाल जुन्या गाड्या विकतो, त्यानं पाठवला होता.

तिनं पदराले हात पुसले अन् फोटो मोठा करून पाह्यला. म्हणे, "मले पाहाले तुमी चार माणसं घेऊन आलते. तुमच्या आत्यानं मले चालून दाखवाले लावलं, सुईत दोरा ओवाले लावला. अन् हे एवढं मोठं लोखंड फोटो पाहून घेता?"

मी म्हणलं, "पाहून घेतलं तरी फसलोच ना वं."

तिनं शेंग फेकून मारली. मंग असं ठरलं का रविवारी जबलपूरले जायचं, गाडी डोळ्यानं पाहायची, जमली तरच घ्यायची. ती म्हणे मी पुढं बसन. ते सांगाची गरज नव्हती. तिले गाडी लागे. बस असो का ऑटो असो, मळमळ सुरू. कार असली का पुढं डाव्या बाजूले बसायची अन् काच चार बोटं खाली ठेवायची. बोटं आडवी लावून पाहायची, जास्त झाली का धूळ येते म्हणे.

तो रविवार आला तेव्हा घरात रडारड होती. शेंगा सोलल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी कपडे वाळू घालता घालता ती खाली बसली, ते उठलीच नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं जमत नाही. मोबाईलमध्ये बोलतो, तो लिहितो, मंग चुकलं तिथं दुरुस्त करतो. तुमी लोकं इथं मोबाईलवर भुताखेताचे असे अनुभव टाकता ते मी वाचत होतो अन् खरं सांगतो, हसत होतो. नागपूरच्या इतवारीतल्या एका सेठकडे जन्मभर ड्रायवर होतो. सेठच्याच ॲम्बेसेडरमध्ये मेलेली माणसं मागच्या सीटवर घेऊन गावोगाव पोहोचवली. घाटातून गेलो, जंगलातून गेलो. कुठं बाई आडवी आली नाही, कुठं दिवा दिसला नाही. मेलं का संपलं, असं माहं होतं. म्हणून म्हणतो, आता मी सांगून राहिलो त ऐकून घ्या.

सुमनची तेरवी झाली. पाहुणे गेले. घर असं झालं का भांडं पडलं तरी मीच दचकावं. त्या दिवसांत दलालाचा फोन आला, म्हणे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, घेता का सोडता. मी म्हणलं घेतो. पैसे टाकून दिले. जबलपूरले कोणासंगं जाणार होतो? एकट्यानं जायची हिंमत नाही झाली, हे खरं कारण आहे.

माही लेक मंगला आमच्यासारखी प्रताप नगरलेच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिनं आल्या आल्या ऐकवलं. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं का वर्षश्राद्ध होईपर्यंत नवीन काही घेत नाही. भांडं नाही, कपडा नाही, गाडी त लांबच. म्हणे, "बाबा, आईचं वर्ष त होऊ द्यायचं." मी म्हणलं, गाडी जुनी आहे, नवीन कुठं आहे. ती चपला घालून निघून गेली. भांडली असती त बरं झालं असतं.

गाडी ट्रकवर आली. मैदानात उतरवली अन् मी पाह्यली तेव्हाच समजलं का मले बनवलं. फोटोत कशी नवरीसारखी दिसत होती. खाली वाकून पाह्यलं त पत्रा सडलेला, त्याच्यावर टिनाचे तुकडे ठोकून डांबर फासलं होतं. कलर इतका ताजा का बोटाले चिकटे. बॅटरी कोण्या मोटरसायकलची लावली होती. दलालाले फोन लावला, त्यानं उचलला नाही, अन् मंग कधीच नाही उचलला. जुनी गाडी फोटोवर घेणाऱ्यांनो, हे सगळं तुमच्यासंगंही होईन. पण हे मिस्त्री ठीक करते. जे मिस्त्री ठीक करू शकत नाही ते पुढं सांगतो.

फोटोत समोर डॅशबोर्डवर टॉवेल टाकलेला होता. मी समजलो उन्हासाठी असन. टॉवेल उचलला त खाली गणपती. लहानसा, लाल मुकुटाचा, चिकटवलेला. आता ड्रायवर लोकांले हे माहीत असते का माणूस गाडी विकतो तेव्हा आपला देव काढून घेतो. कितीही घाई असो. कोणी हळदकुंकू लावून काढते, कोणी नुसता खिशात टाकते, पण देव गाडीसंगं जाऊ देत नाही. देव राहिला म्हंजे गाडी ज्याची होती त्याच्या हातून गेलीच नाही. मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. मी काय केलं, त्याच गणपतीच्या बाजूले सुमनचा फोटो लावला.

सलीम नावाचा मिस्त्री आहे, जुना वळखीचा. त्यानं इंजिन सुरू करून दिलं, खालचा पत्रा मारून दिला. बाकी काम हळूहळू करू म्हणे. गाडी घरासमोर उभी राहायची. मी सकाळी उठून पुसायचो.

एका सकाळी पुढची डावी काच खाली दिसली. थोडीशी. मी हँडल फिरवून वर केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मले वाटलं आपणच विसरलो, म्हातारपण आहे. मंग संध्याकाळी लक्ष ठेवून काच वर करू लागलो, चारही दारं लॉक करू लागलो. चाबी उशीखाली. सकाळी काच खाली.

एक दिवस मी माहा हात आडवा लावून पाह्यला. चार बोटं.

तुमाले वाटन मी भ्यालो असन. नाही. मी तिथंच दाराले धरून रडलो, अन् मंग मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. घरात ती कुठंच नव्हती. सैपाकघरात नव्हती, देवापाशी नव्हती. इथं होती. दुसऱ्या दिवसापासून मी दोन कप चहा घेऊन गाडीत बसू लागलो. तिले घरातलं सांगायचो. मंगलाचं सांगायचो, शेजारी नाली तुंबली ते सांगायचो. दुसरा कप थंडा होई, तो मीच पिऊन घेई. मंगलाले गल्लीतल्या बाया सांगून राहिल्या होत्या का तुहा बाप गाडीत एकटाच बोलते. ती आली, मले पाह्यलं, अन् घरात जाऊन भांडे घासत बसली.

तिनंच सलीमले बोलावलं. म्हणे ते काच एकदाची बसवून टाका, बाबांच्या डोक्यातून जाईन.

सलीमनं दाराचं आतलं कव्हर खोललं. आत हात घातला. मंग बॅटरी मारून पाह्यलं. मले म्हणे, "चाचा, इसमें तो मशीनच नहीं है."

मी पाह्यलं. खरंच काही नव्हतं. काच खालीवर करणारी मशीन असते ना, तीच कोणी काढून घेतली होती. काच एका लाकडी गुटक्यावर उभी केली होती अन् गुटका स्क्रूनं कसला होता. हँडल नुसतंच दाराले अडकवलं होतं. सलीमनं ओढलं त त्याच्या हातात आलं. त्याच्या मागं काहीच नव्हतं.

मी म्हणलं, "अरे पण मी रोज याच हँडलनं काच वर करतो. आज सकाळीच केली."

सलीमनं माह्याकडं पाह्यलं. बायको मेलेल्या म्हाताऱ्याकडं पाहतात तसं. म्हणे, ये कांच नीचे जा ही नहीं सकती चाचा, लकडी पे खडी है. मंग म्हणे चलो चाय पीते. चौकातल्या टपरीवर गेलो. मंगला अंगणात उभी होती, गाडीपाशी कोणी आलं नाही असं ती आजही सांगते. आमी वापस आलो. कव्हर खोललेलं, गुटका जागच्या जागी कसलेला, हँडल सीटवर पडलेलं. अन् काच चार बोटं खाली.

सलीमनं त्या जागेतून हात आत-बाहेर करून पाह्यला.  कव्हर लावलं, हँडल लावलं, पाने गोळा केले. जाता जाता एवढंच म्हणे का चाचा, जिसकी है उसको वापस कर दो.

मी मनात म्हणलं, जिची आहे तिच्याजवळच त आहे.

मंग सीमेपलीकडच्या सौसर गावाहून फोन आला. नंबर अनोळखी. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, आपल्यासारखंच बोलणं. नाव देवराव. दलालाशी भांडून माहा नंबर काढला म्हणे. गाडी त्याची होती. तो दवाखान्यात होता तेव्हा पोरानं विकून टाकली. घरी आला त अंगण रिकामं. भांडाले फोन नव्हता केला त्यानं. आधी हेच विचारलं का समोर गणपती आहे का गा अजून. मी म्हणलं आहे. तो म्हणे, "माह्या बायकोनं, कमलनं लावला होता तो. ती गेली पोळ्याच्या आधी. मी त्या गाडीत जाऊन बसत होतो रोज."

मले पुढचं विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, का त्या बसायच्या कुठं.

"पुढंच. डाव्या बाजूले. तिले गाडी लागे ना गा. काच थोडी खाली ठेवायची."

"थोडी म्हंजे किती?"

"असन चार बोटं. काहून?"

मी म्हणलं काही नाही, सहज.  मंग तो हळूच म्हणे, "तुमाले तिथं... काही वाटलं का?"

मी म्हणलं, नाही. गाडी चांगली आहे म्हणलं. तो बरं म्हणाला अन् फोन ठेवला.

मंगलाले सांगतलं त ती म्हणे, बाबा, गाडी लागणारी कोणतीही बाई काच तेवढीच खाली ठेवते, धूळही नको अन् हवाही पाहिजे. खरं आहे. मी म्हणलं, मंग मशीन नसताना काच जाते कशी?  ती माहा हात धरून बसली.

त्या दिवशी संध्याकाळी मी गाडीत बसलो, पण बोलता येईना. इतके दिवस मी कोणाले चहा पाजून राहिलो होतो? कोणाच्या बायकोले माह्या घरचं सांगून राहिलो होतो? अन् तिकडं सौसरले तो माणूस रिकाम्या अंगणात बसून आहे. विचारावं म्हणलं त नाव कोणतं घेऊ? सुमन म्हणावं अन् ती दुसरीच कोणी असली त? कमल म्हणावं अन् ती सुमन असली, त मंग माहं काही खरं नव्हतं. नुसतंच म्हणलं, "कोण आहे वं?"  रस्त्यावरून भाजीवाला गेला. सुमन नसन त मले ती पुन्हा एकदा गेली, हे मले समजत होतं. अन् सुमन असून मी गाडी देऊन टाकली, त मीच तिले घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीकडं न पाहता आधी देवरावजींले फोन लावला. म्हणलं, काल मी तुमाले खोटं सांगतलं. काच रोज खाली होते, चार बोटं. माहीही बायको गेली आहे, तिचीही तशीच सवय होती. कोण आहे ते मले समजत नाही.

  देवरावजी म्हणे, सौसरहून नागपूरची बस कुठं थांबते आता, मी येतो.

म्हणलं, बसनं नोका येऊ. या तब्येतीत कशाले. मीच गाडी घेऊन येतो. तुमी बसून पाहा. तुमाले समजलं त मले सांगा. तुमच्या असल्या त गाडी तिथंच राहीन.

आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. मंगला आली होती, ती दाराशी उभी राहून पाहत होती, अडवलं नाही तिनं. काच खालीच होती, मी हँडलले हात लावला नाही. सेठच्या घरच्या बायांसाठी जसं उघडायचो तसं पुढचं डावं दार पूर्ण उघडलं अन् धरून उभा राहिलो. एका माणसाले बसाले जितका वेळ लागते तितका वेळ. साडीचा काठ दारात सापडू नये म्हणून खाली पाह्यलं. मंग दार हळूच लावलं.

कोण बसलं, कोणी बसलं का, ते मले आजही सांगता येत नाही. फिरून आपल्या बाजूले आलो अन् गाडी सुरू केली.