पायगुण आणि झेड ड्राइव्ह

आज मी पोटापाण्याला लागलो आहे आणि चार लोक मला कॉम्प्युटरचा माणूस म्हणून ओळखतात, यासाठी मी ज्या एका माणसाचं सर्वांत जास्त देणं लागतो, ते म्हणजे राहात्याचे टेलिफोनवाले काका. या काकांइतका बिघाडावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. एखादी गोष्ट नीट चालली असली की काकांचा चेहरा उतरायचा. "सगळं बरं चाललंय" असं कोणी म्हणालं, तर ते "बरं मग, निघतो" म्हणून पिशवी उचलायचे. पण "काका, काय कळेना, मधूनच बंद पडतंय" एवढं कानावर पडलं की त्यांच्या डोळ्यांत लग्नघरातल्यासारखा उत्साह यायचा. 'मधूनच' या शब्दावर त्यांचं विशेष प्रेम. कायमचं बंद पडलेलं यंत्र त्यांना आवडत नसे. "मेलेल्याची नाडी काय बघायची? मधूनच जातंय आन् मधूनच येतंय, त्याला म्हनायचं बिघाड!"

काकांची सारी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरातले फोन गेले, तारा गेल्या. पण तोवर दुकानादुकानांत कॉम्प्युटर आणि त्यांच्या निळ्या वायरी आल्या, आणि काका त्या वायरींकडे वळले. "तार ती तारच," एवढंच त्यांचं म्हणणं. बिनतारी वायफायला मात्र ते 'वाऱ्यावरचं' म्हणत, आणि एखाद्या बेभरवशाच्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलत. रविवारी सकाळी ते चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवत, आणि त्या वेळात जगातला कुठलाही बिघाड त्यांच्या लेखी झालेलाच नसे. एकदा एका लॉजचा मालक चर्चच्या फाटकाशी येऊन हातवारे करू लागला. काकांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि गीताची राहिलेली सगळी कडवी सावकाश वाजवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "घाई बिघाडाला नसती, मालकाला असती."

'बंद करून चालू करा' हा सल्ला त्यांच्यासमोर देणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. "रडत्या पोराला थोपटून झोपवलं म्हनजे पोट दुखायचं राहतं व्हय? उठल्यावर परत रडनारच की!" टिपणं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने करत. पत्रिका आली की बाकीचे तारीख बघत, काका कागदाची जाडी बघत. पातळ पत्रिकेच्या लग्नाला ते सहसा जात नसत. शिवाय बिघाड सापडेपर्यंत चहा घ्यायचा नाही, असा त्यांचा पण होता. एका कापडदुकानात सकाळी दहापासून चारपर्यंत बिघाड सापडेना, तेव्हा मालकिणीलाच त्यांची दया आली आणि कपाटामागे खारीने कुरतडलेली वायर तिनेच शोधून काढली. काकांनी तिला मनापासून शाबासकी दिली आणि लागोपाठ तीन कप चहा प्यायले. घरी त्यांनी प्रत्येक बटणाला, वायरीला, डब्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. काकू म्हणायच्या, "एक दिवस माज्याबी गळ्यात चिट्टी बांधतील. 'बायको. बंद करू नये.'" काका गंभीरपणे म्हणत, "बंद कुठं हुती?"

या काकांची आणि माझी गाठ पडली ती एका मोठ्या संकटात.

मी मूळचा जामखेड तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. बी. एस्सी. झालो आणि राहात्याच्या एका माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी मिळाली. पेरूच्या बागा असलेले शेतकरी पिशवीतून माती आणायचे, आत तपासणी व्हायची, आणि मी अहवाल छापून द्यायचो. हे सगळे अहवाल कोपऱ्यातल्या एका काळ्या डब्यात साठवलेले असत. डब्यात चार डिस्का, मागे एक निळी वायर. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर हा डबा 'झेड' नावाने दिसायचा. झेड दिसला तर काम. झेड गेला तर सगळे हात बांधून बसणार.

आणि मी रुजू झाल्या दिवसापासून झेड जायला लागला.

दिवसातून चार-चार वेळा जायचा. हेडक्लार्क अण्णा आपल्या टेबलावरून आरोळी ठोकत, "गेला रे, झेड गेला!" एकदा ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते ऐकून डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात मला विचारलं, "वय काय हुतं ओ त्यांचं?" डबा विकणाऱ्या दुकानाचा माणूस दोनदा नगरहून येऊन गेला. त्याने दोन्ही वेळा वायर बदलली, बंद करून चालू केलं, आणि झेड दिसताच तो एस.टी. पकडून निघून गेला. त्याची गाडी स्टँडाबाहेर पडायच्या आत झेडही निघून गेलेला असे.

अण्णा माणूस वाईट नव्हते. पहिल्या दिवशी मला जागा दाखवली, माठ कुठे आहे ते सांगितलं, माझ्या मोबाईलचा नेट पॅक संपलाय म्हटल्यावर ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड आपण होऊन दिला. पण त्यांना हिशेब जुळवायची सवय. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली, आणि चार-पाच महिन्यांनी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी सुटीवर असलो तरी झेड जातो. मॅडम नगरला मीटिंगला गेल्या तरी जातो. हे चिरंजीव दोन दिवस तापाने आले नाहीत, तर झेड ठणठणीत! आता तुम्हीच सांगा. याला पायगुण म्हणतात."

सगळे हसले. मीही हसलो. पण हा शब्द माझ्या ओळखीचा होता. माझ्या जन्माच्या वर्षी आमची विहीर आटली, आणि तेव्हापासून थोरले चुलते मला थट्टेने 'कोरड्या पायाचा' म्हणत आले. थट्टाच ती. पण मी दीडशे किलोमीटर दूर येऊन नोकरीला लागलो, तरी ती माझ्या मागे बसमधून आली असं मला त्या दिवशी वाटलं.

प्रयोगशाळेच्या मॅडम शिकलेल्या होत्या. "मी असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. मग कॅलेंडरवरच्या फुल्यांकडे बघून म्हणाल्या, "पण उद्या तुम्ही बारा वाजता या. बघू या." मी बारा वाजता गेलो. सकाळपासून झेड छान चालला होता. मी येऊन खुर्चीत बसलो, आणि दहा मिनिटांत अण्णांची आरोळी आली. मॅडम माझ्याकडे बघायचं टाळू लागल्या. माझे सहा महिने संपत आले होते. नोकरी वाढवायची ऑर्डर त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती, आणि त्या तिच्यावर कधी फाइल, कधी पाण्याचा ग्लास ठेवत होत्या.

शेवटी त्यांनीच काकांना बोलावलं. काका आले, त्यांनी चहा नाकारला, आणि डब्याला हातही न लावता स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले. कानामागची पेन्सिल काढून म्हणाले, "बोल. कवा जातो?"

मला लपवायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, "काका, उगाच वेळ नका घालवू. मी आलो की जातो. माझा पायगुण आहे."

काका हसले नाहीत. 'असलं काय बोलतो' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी कोणाच्या तरी शुभविवाहाच्या मागे शांतपणे लिहिलं: 'पोरगा आला की जातो.' आणि म्हणाले, "झकास. हितक्या नीट आजवर मला कुनी सांगितलं न्हवतं."

अण्णा खूश झाले. "म्हणजे तुम्हीपण मानता ना काका?"

"मी कशाला मानू? तुमी बघितलं ते खरं हाय, अण्णा. तुमी लावलेलं कारन मातूर तपासावं लागंल." मग माझ्याकडे वळले. "पायाचा गुन म्हनत्यात ना? मग पायापासनं सुरू करू. काढ चपला."

त्यानंतर जे झालं ते त्या ओसरीवरचे शेतकरी अजून विसरले नसतील. काकांनी मला चपला काढून रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत अनवाणी पाठवलं, झेड परत येईपर्यंत तिथे उभं केलं, आणि मग हाक मारली. मी आत आलो. थोड्या वेळाने झेड गेला. काकांनी लिहिलं: 'चपला न्हाईत.' मग मी पिशवी बाहेर ठेवून आलो. झेड गेला. मग जेवणाचा डबा ठेवून. मग कमरेचा पट्टा काढून, एका हाताने पँट धरून. प्रत्येक वेळी ओसरी माझ्याकडे डोळे लावून बसलेली. "उजवा पाय टाकून बघ रं!" एकाने सुचवलं. दुसरा म्हणाला, "नव्या नवरीसारखा उंबरा वलांडतोय, माप ठिवा की फुडं!" मॅडमही दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि हसूही येत होतं.

पाचव्या खेपेला काका म्हणाले, "खिशात काय हाय?"

मी मोबाईल काढून टपरीवाल्याजवळ ठेवला आणि आत आलो. बसलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अण्णा स्क्रीनकडे टक लावून होते. वीस मिनिटं झाली. झेड जागेवर.

"आता अण्णा, तुमी जा," काका म्हणाले, "आन् त्याचा मोबाईल तुमच्या खिशात घालून या."

अण्णा गेले, आले, आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांच्याच कॉम्प्युटरवर झेडवर लाल फुली आली. ओसरीवरून टाळ्या पडल्या. मागे टोपी काढणारा तो म्हाताराही तिथे होता, तो ओरडला, "अण्णासाहेब, आता तुमचा पायगुन!"

"पायगुन न्हाई," काका म्हणाले, "खिसागुन!"

मग त्यांनी मला विचारलं, "तू पयल्या दिवशी आला तवा लाईट हुती का?" नव्हती. "मंग डबा बंद. आन् ते वाऱ्यावरचं यंत्र?" ते बॅटरीवर चालू होतं. काकांनी मान डोलावली आणि मॅडमना समजावलं. प्रत्येक डब्याला, कॉम्प्युटरला, मोबाईलला आत एक घरनंबर असतो. झेडला कोणीतरी हाताने एकवीस नंबर दिला होता, पण बाकीच्यांना नंबर वाटणाऱ्या वायफायच्या यंत्राला ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी झेड झोपलेला, एकवीस नंबर मोकळा दिसला, तो यंत्राने माझ्या मोबाईलला देऊन टाकला आणि तेव्हापासून लक्षात ठेवला. "एका गल्लीत एका नंबरची दोन घरं. पोस्टमनची चूक न्हाई, पत्राचीबी न्हाई. ह्या पोराची तर न्हाईच न्हाई." झेडचा नंबर राखून ठेवायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग ते म्हणाले, "आना आता चहा."

अण्णांनी कॅलेंडर उलटं टांगलं आणि चहा स्वतः आणला. माझ्यासाठीही. मॅडमनी ग्लास उचलला, ऑर्डर पुसली आणि सही केली. पाण्याचा गोल डाग तिच्यावर अजून आहे.

पुढे दर शनिवारी मी काकांच्या मागे पिशवी धरून फिरलो. जे काही शिकलो ते तिथेच. आज मी नगरला एका मोठ्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळतो. तिथेही डबे आहेत, तेही मधूनच जातात, आणि खरं सांगायचं तर मलाही आता थोडा आनंद होतो. काकू गेल्या. काका नाशिकला मुलीकडे राहायला गेले. त्यांना आता ऐकायला फार कमी येतं, फोनवर ते नुसते "व्हय, व्हय" म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. ताईंकडून तुमची खुशाली कळते. माझं बरं चाललं आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण इलाज नाही.

एक गोष्ट सांगायची होती. मागच्या आठवड्यात गावी आमच्या शेतात बोअर घेतलं. आधी दोनदा घेतलं होतं, तेव्हा मी तिथे नव्हतो. 'येऊ नको' असं मला कोणी कधी म्हटलं नाही. फक्त बोअरची गाडी आली की आईला नेमकं तेव्हाच दळण आठवायचं, आणि मी गिरणीत जाऊन बसायचो. तिलाही बरं, मलाही बरं.

या वेळी तिने पिठाचा डबा काढला, तेव्हा मी म्हटलं, "आई, दळण संध्याकाळी आणतो." आणि गाडीच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो. थोरल्या चुलत्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिथून हललो नाही. गाडी तीनशे फुटांपर्यंत गेली. पाणी लागलं नाही, काका. नुसती पांढरी भुकटी उडत राहिली. गाडीवाल्याने पाइप काढायला घेतले, लोक पांगले, आणि मी केसांपासून पायांपर्यंत पांढरा होऊन घरी आलो. आई दारातच होती. ती काय म्हणेल म्हणून मी थांबलो.

तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपंला जरा लांब हुभा ऱ्हा. नाकातोंडात लई धुरळा जातो."

तिला तेवढंच वाटलं. हे तुम्हाला कळवायचं होतं.

आपला,
राहात्याचा मुलगा