उतरू नका म्हणणारे कडुबा मिस्त्री

भोकरदनच्या बसस्थानकामागे कडुबा मिस्त्रींचे गॅरेज होते. गाडीची साखळी किंवा पट्टा ताणायचा असला की ते मालकाला खाली उतरू देत नसत. गोणी असेल तर गोणीसकट, बायको असेल तर बायकोसकट मालकाने बसून राहायचे. एकदा एक स्थूल व्यापारी वैतागून म्हणाला, "मिस्त्री, मला काय शोभेला बसवलं का?" मान वर न करता ते म्हणाले, "रस्त्यावर गाडी तुम्हाला घिऊनच चालन का न्हाई? मंग बसा बराबर."

मी तेव्हा वार्ताहर होतो. शेजारच्या टपरीवर माझी रोजची बैठक असे, त्यामुळे या सवयीमागचे कारण जवळून पाहता आले.

त्यांच्या धाकट्या भावाची, विष्णूची बायको गयाबाई दोन्ही पायांनी अधू. ती हसनाबादच्या बाजारात बांगड्या विकायची. विष्णूला मजुरीवरून सवड मिळाली तरच तिला बाजार गाठता येई. कडुबांनी तिच्यासाठी जुन्या मोटारसायकलीला मागे दोन चाके जोडली. ब्रेक, गिअर सगळे हाताशी आणले. साखळीच्या वंगणाने लुगडे खराब होईल म्हणून साखळीऐवजी रबरी पट्टा घातला. हे त्यांना कोणी सुचवले नव्हते.

पण ते तिचे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भावजयीने भायासमोर पदर ढळू द्यायचा नाही, उंचावर बसायचे नाही आणि भायाने तिच्याशी थेट बोलायचे नाही, अशी त्या घराची रीत. म्हणून कडुबांनी तिला न बसवता पट्टा रिकाम्या गाडीवरच ताणला. अंगठ्याने दाबून पाहिला आणि विष्णूला म्हणाले, "सांग तिला, झालं."

माणूस बसला की गाडीचा मागचा भाग दबतो आणि पट्टा आणखी आवळतो. हे त्यांना ठाऊक होते. अंदाजाने त्यांनी थोडी ढील ठेवली होती, ती पुरली नाही. हसनाबादच्या वाटेवर चढाला पट्टा तुटला. गाडी मागे घसरू नये म्हणून गयाबाई ब्रेक आवळून उन्हात बसून राहिली. शेवटी एका अनोळखी ट्रकवाल्याने तिला उचलून खाली ठेवले.

"भायानं बघू न्हाई म्हणून मी बघितलं न्हाई. अन् तिला परक्या माणसानं उचललं," एवढेच कडुबा टपरीवर बोलले. चहा तसाच ठेवून उठले.

गयाबाईने बाजार सोडला. गाडी गॅरेजात येऊन पडली. कडुबांनी नवा पट्टा चढवला, पण तिच्यावाचून तो ताणता येईना आणि तिला बोलवायला धीर होईना. लोक विचारत, "मिस्त्री, गाडीची पूजा करून राह्यले का?" ते गाडी पुसत राहत.

एका सकाळी विष्णू तिला रिक्षातून घेऊन आला. तिनेच हट्ट धरला होता. पदर कपाळापर्यंत ओढलेला. विष्णूने तिला गाडीवर बसवले, मागे बांगड्यांच्या पेट्या मांडल्या. कडुबा पट्ट्याशी उकिडवे बसले.

"विष्णू, तिला म्हणाव..." ते थांबले. मग पहिल्यांदाच तिच्याशी बोलले. "चुकलं माय माझं."

"पदर मी घेतला व्हता, दादा," गयाबाई म्हणाली. "गाडीनं न्हाई. आता वाकून बघा."

त्यांनी वाकून पाहिले. नट सैल केला, पट्टा अंगठ्याने दाबला, पुन्हा आवळला, पुन्हा दाबला. काम संपले तरी मान वर केली नाही. गाडी फाटकाबाहेर गेल्यावरच उठले.

गयाबाईचा बाजार पुन्हा सुरू झाला. त्या दिवसापासून कडुबांनी कोणालाही गाडीवरून उतरू दिले नाही. कारण मात्र कोणाला सांगितले नाही.

गेल्या वर्षी कडुबा गेले. गॅरेज बंद झाले. परवा गयाबाई दुसऱ्या एका गॅरेजसमोर दिसली. मागे पेट्या, डोक्यावर पदर. नवा मिस्त्री म्हणत होता, "मावशी, पट्टा बघायचा तर गाडी रिकामी करा. उतरा, धरतो मी."

"मी उतरत न्हाई," गयाबाई म्हणाली. "तू वाक."