वाटी एवढीशी, डबा एवढा

आमच्या गावच्या सिस्टर निवृत्त झाल्या, त्या दिवशी मी भर मांडवात सगळ्या गावासमोर एक डबा उघडला. तो डबा मीच पसंत करून आणला होता.

सिस्टर म्हणजे आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून आमचं गाव, आणि कालव्याच्या अल्याड-पल्याडची कितीतरी लेकरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. माझीसुद्धा. पण त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. बारशाला कुणी साडी पुढे केली की म्हणायच्या, "ही लेकराच्या आईला नेसव. मला चहा कर, साखर जरा जास्त टाक." एकदा कुणी हळदीची पिशवी गुपचूप त्यांच्या दारात ठेवली, तर संध्याकाळी त्या स्वतः ती ज्याची त्याच्या घरी परत देऊन आल्या. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

त्यांच्या निरोपाला ग्रामपंचायत शाल-श्रीफळ देणार होती. आम्हा बायकांचं म्हणणं पडलं की आपलं काहीतरी वेगळं असावं. काय द्यायचं ते माझ्या सासूबाईंनी सुचवलं. सिस्टरच्या लेकीला नुकतंच बाळ झालं होतं.

"तिनं आपल्या लेकरायला या जगात आणलं," सासूबाई म्हणाल्या, "आपण तिच्या नातवाला चांदीची वाटी अन् चमचा देऊ. लेकराचं म्हटल्यावर ती न्हाई म्हणणार न्हाई."

सगळ्यांना पटलं. आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.ए. झालेली. "तुला पसंती कळती," असं बायका म्हणाल्या, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. आता लिहिताना वाटतं, तिथूनच माझ्या डोक्यात जरा हवा गेली.

मी आणि सासूबाई एसटीनं हिंगोलीला गेलो. सोनाराकडे वाटी-चमचा मिळाला. छान घडणीची, तळहातात मावेल एवढी वाटी. सोनारानं ती गुलाबी प्लास्टिकच्या पातळ डबीत घालून दिली. बोटानं दाबली की डबीचं झाकण आत जायचं. माझं मन खट्टू झालं. मांडवात एवढी माणसं असणार, स्टेजवर आरोग्य खात्याचे साहेब असणार, आणि आम्ही सगळ्या गावच्या बाया मिळून ही डबी देणार? मागच्या रांगेतून ती दिसलीसुद्धा नसती.

"मामी, आपण चांगला डबा घेऊ," मी म्हणाले. सासूबाईंना मी मामीच म्हणते.

"आहे की हा डबा."

"हा न्हाई. मजबूत, भेटीचा."

बाजारात भेटवस्तूंचं एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदारानं आधी नक्षीच्या कागदाचे चकचकीत डबे काढले. मी एकेकाचा कोपरा दाबून पाहिला. आत नुसता पुठ्ठा, तोही पातळ. एकाचं झाकण ढिलं होतं, उचललं की खालचा भाग खाली पडायचा. "भैय्या, थोडा मजबूत दिखाओ," मी म्हणाले. मग त्यानं वरच्या फळीवरून दुसरे काढले. बोटभर जाड पुठ्ठा, वर मखमल, आत सॅटिनचं अस्तर, आणि झाकण लावलं की लोहचुंबकानं टक् करून बसायचं. तो टक् आवाज मला इतका आवडला की मी झाकण पुन्हा पुन्हा उघडून लावत राहिले. दुकानदारानं डबा जमिनीवर ठेवला, वर हाताचा भार देऊन दाखवला. काही झालं नाही.

त्यात तीन आकार होते. सर्वांत लहान डबा वाटी-चमच्याला बराबर होता. आत खाचही होती, वाटी हलली नसती. सासूबाईंनी तोच हातात घेतला.

"हा घे. याच्यात बसती चांगली."

माझी नजर मात्र सर्वांत मोठ्यावर होती. गडद लाल, वर सोनेरी काठ, दोघींनी मिळून धरावा एवढा.

"वाटी एवढीशी, अन् डबा एवढा काहून?" सासूबाईंनी विचारलं.

"स्टेजवर दिसाय पाहिजे ना, मामी. सगळ्या बायांची इज्जत आहे."

इज्जत म्हटल्यावर त्यांनी हातातला डबा परत ठेवला. त्यांना पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी मोठाच घेतला.

घरी आल्यावर वाटी त्यात ठेवली तर ती इकडून तिकडे गडगडायला लागली. मग लेकरांच्या जुन्या वह्यांची पानं चुरगाळून मी सगळी पोकळी भरली, मधोमध वाटी-चमचा ठेवून वरूनही कागद दाबले, झाकण लावलं. टक्. बाहेरून डबा असा दिसत होता की एखाद्या मोठ्या घरच्या लग्नातला आहेर असावा.

कार्यक्रम दुपारी होता. ग्रामपंचायतीपुढे मांडव, खुर्च्या, माईक. सिस्टर साध्या सुती साडीत आल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "आता गावातील समस्त महिलावर्गाकडून भेट." मी आणि शेजारची एक बाई, दोघी तो डबा धरून निघालो. मांडवात कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, हे कौतुक आहे. माझी मान ताठ होती.

पुरुषांच्या रांगेजवळून जाताना एकजण शेजाऱ्याला म्हणाला, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "एवढी वर्सं काही घेतलं न्हाई म्हणती, अन् जाता जाता चांगला हात मारला की सिस्टरनं!" शेजारचा हसला.

आता थांबता येत नव्हतं. सिस्टरनं ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मात्र डबा पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"माझ्या बायांनो, तुमचा जीव मला कळतो. पण एवढं मोठं मी घेणार नाही. नोकरीत कधी घेतलं नाही, शेवटच्या दिवशी नको. रागावू नका. हे परत न्या."

मांडव एकदम शांत झाला. बायकांच्या बाजूला मी पाहिलं. सासूबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "घे ना गं माय, लेकराचं हाय!" पण सिस्टरचं तिकडे लक्ष नव्हतं.

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. डबा घेऊन मागं फिरायचं, म्हणजे सिस्टरला कायम वाटणार की बायकांनी काहीतरी भारी वस्तू आणली होती, आणि बायकांची वाटी तशीच परत येणार. नाहीतर खरं सांगायचं. मी डबा टेबलावर ठेवला आणि माईक नसतानाच बोलले, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"सिस्टर, आत मोठं काहीच न्हाई. डबाच मोठा हाय."

आणि मी झाकण उघडलं. दाबून भरलेले कागदाचे बोळे फुगून वर आले, दोन-चार टेबलावरून खाली पडले. एका बोळ्यावर माझ्या लेकराचे पाढे दिसत होते. मी आत हात घालून वाटी शोधायला लागले, आणि ती सापडेना. एकेक कागद बाहेर काढत होते आणि मांडवात हसणं वाढत होतं. आधी पोरं हसली, मग पुरुष, मग आमच्या बायकासुद्धा. स्टेजवरचे साहेब रुमालानं तोंड झाकून हसत होते. शेवटी चमचा हाताला लागला, मग वाटी. धरतीनं पोटात घ्यावं, असं म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी वाटी आणि चमचा माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवला. "हे नातवाचं, हे मी नेते," त्या म्हणाल्या. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. त्या हातानं मला रडूच आलं.

रिकामा डबा उचलून मी घरी आले. घरात आल्यावर सासूबाईंनी मला पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "लोकं हसले त्याचं काही न्हाई. ते इसरत्यात." पुढचं मला न सांगता कळलं. लोक हसले याचं दुःख मलाही नव्हतंच. ज्या बाईनं आयुष्यभर हात स्वच्छ ठेवला, तिला शेवटच्या दिवशी चारचौघांत 'मी घेत नाही' असं सांगावं लागलं, ते माझ्या दिखाव्यापायी. त्या माणसाचं बोलणं काही केल्या माझ्या कानातून जाईना. त्याच्या तोंडी ते वाक्य मीच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी न राहवून मी सिस्टरना फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडातून एवढंच निघालं, "सिस्टर, माझ्यामुळं तुमाला खाली पाहावं लागलं."

त्या म्हणाल्या, "पोरी, मीच रात्री विचार करत होते. आत काय आहे ते विचारायच्या आधी मी माईकवरून नाही म्हणून मोकळी झाले. बायांना किती लागलं असेल. मलाच लाज वाटून राहिली."

"न्हाई सिस्टर, चूक माझी हाय."

"बरं, तुझी काय, माझी काय. ते राहू दे." आणि त्यांचा आवाज एकदम कामावरचा झाला. "मारुतीच्या देवळामागची सून, सातवा लागलाय तिला. रक्त कमी आहे. गोळ्या घेती म्हणती, पण घेत नसावी. नवीन सिस्टर यायला वेळ लागेल. तू जरा जाऊन बघशील?"

मी हो म्हणाले. भांडी तशीच टाकून, पदर सारखा करून निघाले. वाटेत पारावर काही माणसं बसली होती. कालचा तो माणूसही त्यांच्यात होता. मला पाहून कुणीतरी 'डबा' असं काहीतरी म्हणालं. मी मान खाली घातली आणि चालत राहिले. देवळामागच्या घरी ती पोरगी ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "गोळ्या घेऊन राहिलीस ना गं?" ती लाजून हसली आणि म्हणाली, "मळमळतं, ताई."