अर्ध्या करंटचा मिक्सर

माझ्या थोरल्या जाऊबाई, चंदनाक्का, लई हट्टी. आम्हा जैनांत पिठालाबी मर्यादा असती. फार दिवसांचं पीठ चालत न्हाय. दुकानातलं कवा दळलंय कुणाला ठावं? म्हणून विकतच्या पिठाला आक्का शिवत न्हाय. निपाणीच्या घरी घरघंटीवर थोडं थोडं दळून खाती.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाली, तवा तिथं पीठ दळाय म्हणून बॅगेत मिक्सरच घातला. "तिथं पिन बसायची न्हाय, आक्का," मी म्हणाले. तर बया बाजारातनं अडॅप्टर घेऊन आली. पिन बसवून दाखवली अन् म्हणाली, "बसली बघ, राजश्री! आता काय?" लई ऐटीत विमानात बसली.

तिथनं व्हिडिओ कॉल आला. मिक्सर नुसता घूंऽऽ करून कण्हतोय, अन् भांड्यातली ज्वारी तशीच. जावई अभिनंदनराव म्हणाले, "काकू, अडॅप्टर नुसती पिन बसवतो, व्होल्टेज बदलत नाही. आपल्या मिक्सरला दोनशेतीस व्होल्ट लागतात, इथं एकशेवीसच." अगं बाई! एवढा मोठा देश अन् करंट अर्धा? मी तोंडावर हातच ठेवला. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मागवला म्हणाले, पण यायला आठवडा.

भात तिला सोसत न्हाय, म्हणून आक्का फळं अन् दुधावर राहिली. आई जेवंना म्हणून बाळंतीण निशाच्याबी घशाखाली घास उतरंना. पोरगी फोनवर रडाय लागली. माझं डोकंच फिरलं. "आक्का, नियम तुझा, अन् उपाशी कोण? ती ओली बाळंतीण! घे की विकतचं पीठ!" अन् मी फोनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी परत व्हिडिओ कॉल लावला. आमची सकाळ, त्यांची सांज. सूर्य बुडायच्या आत जेवायचं म्हणून आक्काची घाई चाललेली. मूग भिजवलेले. मिक्सरात मूठभरच घालायचे, जरा फिरवायचं, थांबायचं, गरम झालाय काय हात लावून बघायचं. "दमलंय बिचारं. त्याला बेतानंच चाराय पाहिजे," म्हणाली. मऊ पीठ झालं की! पातळ घावन तव्यावर पडलं. पहिला घास निशाला, मग स्वतः. ह्या बाईपुढं अमेरिकेचा करंटबी वाकला! मी इकडं पदरानं डोळं पुसत बसले.

आठवड्यानं ट्रान्सफॉर्मर आला. आक्काला भाकरीची लई आस लागलेली. ज्वारी घातली, बटण दाबलं. मिक्सर असा गरजला की पाळण्यातली नात दचकून किंचाळाय लागली. काय केल्या गप बसंना.

आक्कानं ट्रान्सफॉर्मर काढून कोपऱ्यात सारला. पिन परत अडॅप्टरला लावली, मूठभर मूग घातले. घूंऽऽ सुरू झालं, तशी पोर हळूहळू निजली. रोज ह्याच आवाजात निजायची सवय लागलेली तिला.

"अन् भाकरी गं, आक्का?" मी फोनवरनं विचारलं.

"खाईन की निपाणीला आल्यावर," ती हळूच म्हणाली. "आता बोलू नगंस, बाळ उठंल."